बोरघाटाच्या पायथ्याचा इतिहास

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले समुद्रापासून दूर, सह्याद्रीला टेकलेले दोन तालुके. पूर्वेला राजमाची, ढाक आणि भीमाशंकरची डोंगरभिंत, पश्चिमेला माथेरानचा सुटा डोंगर आणि मध्ये भाताच्या खाचरांची पट्टी. उल्हास नदी या पट्टीतून कर्जत, नेरळवरून उत्तरेला कल्याणकडे जाते, तर पाताळगंगा खोपोलीहून पश्चिमेला खाडीकडे. कल्याण, पनवेल, चौल या बंदरांतून देशावर चढणाऱ्या मालाची आणि माणसांची एक प्रमुख वाट बोरघाटातून जात असे. राजमाचीच्या पायथ्याची कोंडाण्याची लेणी ही वाट दोन हजार वर्षांपूर्वीही वाहती असल्याची साक्ष देतात.

या मुलखातले मोठे बदल बहुधा मुलखाबाहेर ठरत आले. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता म्हणून इथे बोगदे खोदले गेले, मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून घाटावरचे पाणी इथे उतरले, आणि सिंगापूर-रंगून पडल्याचे पडसाद इथल्या धान्याच्या कणग्यांपर्यंत आले. त्यासाठी घाम आणि रक्त मात्र बरेचसे इथल्या आणि इथे आणलेल्या गरिबांचे सांडले. या दोन तालुक्यांच्या अर्वाचीन इतिहासाचे मर्म या जमाखर्चात आहे, आणि त्याची खर्चाची बाजू अजून पुरती लिहिली गेलेली नाही.

इंग्रज येण्यापूर्वीही घाटवाटा लष्करी डावपेचांचा भाग होत्या. मोगल सुभेदार शायिस्ताखानाने पुण्याहून कोकणात पाठवलेला सरदार कारतलबखान कुरवंड्याच्या बाजूने खाली उतरला, तेव्हा २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याची कोंडी केली. सोबतच्या रायबागन या सरदारणीचा सल्ला मानून खानाने शरणागती पत्करली. थोडक्या माणसांनी मोठी फौज हरवण्याचे हे उदाहरण. स्थानिक माणसाला झाडी आणि खिंड ठाऊक असणे हेच त्यात शस्त्र ठरले. पुढे पेशवाईत पुणे राजधानीसारखे झाले आणि बोरघाटाची रहदारी वाढली. खोपोलीचा तलाव आणि महादेवाचे देऊळ नाना फडणवीसांनी बांधले. १८०४ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तोफा नेण्यासाठी घाटवाट सुधारली, आणि पेशवाई बुडाल्यानंतर बारा वर्षांनी, १८३० मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला.

मुलूख खऱ्या अर्थाने बदलला तो रेल्वेमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि मे १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे भागधारक इंग्लंडमधले होते. त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने दिली होती आणि तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघायची होती. कर्जतचा कुणबी आपल्या शेतसाऱ्यातून या हमीत भागीदार होता, पण फायद्यात नाही. लँकेशायरच्या गिरणीमालकांना अमेरिकेच्या कापसावर अवलंबून राहणे धोक्याचे वाटू लागले होते. वऱ्हाड-दख्खनचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर लवकर पोचायचा तर सह्याद्री ओलांडणे भाग होते. त्यासाठी थळघाट आणि बोरघाट या दोन जागा निवडल्या गेल्या.

मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेली बोरघाटाची चढण जवळपास पावणेसोळा मैलांची होती. तेवढ्या अंतरात गाडीला १,८३१ फूट वर चढायचे होते. काही ठिकाणी चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र होता. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे कमानीपूल बांधावे लागले. खंडाळ्याजवळ डोंगराच्या नाकाडावर गाडीला पुढे वळायला जागाच नव्हती, म्हणून तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावण्याची सोय केली होती. १९२९ मध्ये नवी वाट काढेपर्यंत ती चालू राहिली.

१८५६ च्या सुरुवातीला विल्यम फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम हाती घेतले. डायनामाइटचा शोध तेव्हा लागला नव्हता. काळ्या बेसाल्टमध्ये पहारीने हाताने भोक पाडायचे, त्यात दारू ठासायची, वात पेटवून पळायचे, आणि मग फुटलेला खडक घमेल्यांनी उपसायचा, असे बोगदे पुढे सरकले. जिथे उभे राहायलाही जागा नव्हती अशा कड्यांवर माणसे दोरांना बांधून खाली सोडली जात आणि लोंबकळतच पहिला टवका पाडीत. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडे, उन्हाळ्यात डोंगरात प्यायला पाणी नसे. मजूर देशावरून, कोकणातून आणि त्याहूनही लांबून बायकापोरांसह आले होते. त्यांतल्या अनेकांना दुष्काळाने आणि कर्जाने गाव सोडायला लावले होते. बायका टोपल्यांतून माती वाहत. १८६१ च्या सुमारास घाटात एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. आजच्या कर्जत शहराच्या वस्तीशी ताडून पाहिले तर उघड्या डोंगरावर, गवताच्या झोपड्यांत, संडास आणि पाण्याच्या सोयीवाचून राहणारा हा जमाव केवढा असेल, हे लक्षात येते.

कंत्राटदाराखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम आणि सर्वांत शेवटी मजूर, अशी उतरंड होती. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर झिरपून जाई. मजुरी थकू लागली. जानेवारी १८५९ मध्ये संतापलेल्या मजुरांनी युरोपीय देखरेख्यांवर हल्ला केला आणि घाटात मोठी दंगल झाली. १८५७ चा उठाव नुकताच शमत होता, त्यामुळे सरकार हादरले. चौकशीत मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे दिसून आले. त्यानंतर काही आठवड्यांतच फॅव्हिएलने कंत्राट सोडले. रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरचे मालक-मजूर वाद झटपट मिटवण्यासाठी १८६० चा नववा कायदा झाला. हिंदुस्थानातल्या औद्योगिक कामगारविषयक कायद्यांच्या अगदी आरंभीचा हा कायदा. त्याच्या मागे घाटातल्या या संतापाचा वाटा आहे. कामगार चळवळीच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक पुस्तके मुंबईच्या गिरण्यांपासून करतात. ती खंडाळा-पळसदरीच्या डोंगरापासून करायला हवी.

पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ च्या अखेरीस आला आणि काही आठवड्यांतच आजारपणाने वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवले आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या अभियंत्यांच्या मदतीने ते पूर्ण केले. एकोणिसाव्या शतकात एका स्त्रीने एवढे काम तडीस नेले याचे कौतुक रास्त आहे. परंतु ज्या साथींनी ट्रेडवेलसारखे गोरे लोक गेले, त्याच साथींनी मजूर हजारोंनी गेले. १८५९-६० च्या हंगामात पटकीने घाटातल्या छावण्या ओस पाडल्या. माणसे काम टाकून पळत आणि वाटेत मरत. कोसळलेले खडक, फसलेले सुरुंग, ताप आणि हगवण यांचे बळी वेगळेच. ट्रेडवेलचे नाव इतिहासात राहिले आहे. मेलेल्या मजुरांची नावानिशी यादी नाही, आणि त्यांचे स्मारकही नाही.

लोकांनी मात्र आपल्या परीने एक स्मारक राखले. खोपोलीहून वर चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटातून वाट कुठून काढावी हे इंग्रज अभियंत्यांना कळेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांची वाट दाखवली आणि काम झाल्यावर त्यालाच मारण्यात आले, अशी कथा तिथे सांगतात. वाहनचालक आजही देवळासमोर वेग कमी करतात, नाणे टाकतात. या कथेला कागदोपत्री आधार मिळत नाही. तरी रस्ते आणि रूळ ज्यांच्या माहितीवर आणि मेहनतीवर उभे राहिले त्यांना काय मोबदला मिळाला, याबद्दलची लोकांची समजूत तीत स्पष्ट आहे आणि ती कागदपत्रांशी फारशी विसंगत नाही.

एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. तोवर पुण्याचा प्रवासी खोपोलीला उतरून पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढत असे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसत असे. उद्घाटनाच्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस अडला होता आणि मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. दोन वर्षांनी युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतल्या बँका आणि पेढ्या बुडाल्या. घाईने उरकलेल्या कामाचेही पितळ उघडे पडले: १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा कमानीपूल ढासळला आणि कंपनीच्या सगळ्याच बांधकामांची चौकशी करावी लागली.

रेल्वेने कर्जतला गाव म्हणून उभे केले हेही खरे. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. त्यांना इथे बँकर म्हणतात. त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबत आल्या, आणि त्या थांब्यावर कर्जतच्या बटाटेवड्याचा धंदा वाढला. माथेरान थंड हवेचे ठिकाण म्हणून १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने पुढे आणले होते. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशातून बांधून १९०७ मध्ये सुरू केली.

जंगलात राहणाऱ्यांसाठी हा काळ वेगळा होता. कातकरी आणि ठाकर हे इथले डोंगरउतारावरचे रहिवासी. कातकरी खैराचा कात काढीत, कोळसा पाडीत, मासे आणि कंदमुळांवर जगत. १८७८ च्या वनकायद्याने जंगल सरकारचे झाले आणि राब, लाकूड, चराई यांवर परवान्याची कडी बसली. कोलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात काही कातकऱ्यांना नाचणी-वरीसाठी जंगलातले तुकडे गटागटाने कसायला दिले गेले. या दळी जमिनी त्यांच्या नावावर कधीच झाल्या नाहीत. ज्यांना तेवढाही आधार नव्हता ते कोळशाच्या भट्ट्यांवर आणि सावकाराच्या शेतावर गेले. पावसाळ्यात खाण्यापुरते भात उचल म्हणून घ्यायचे आणि ती फेडण्यासाठी पुढचा हंगाम राबायचे, हे चक्र एकदा सुरू झाले की बापाचे कर्ज मुलाकडे येई. शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता.

विसाव्या शतकात घाटातून आणखी एक गोष्ट उतरली. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतली जलविद्युत योजना त्यांच्या मृत्यूनंतर आकाराला आली. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे पाणी अडवून ते नळांतून पाचशे मीटरहून अधिक खोल खोपोलीला सोडले गेले. फेब्रुवारी १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, खोपोलीचे वीजघर सुरू झाले. त्यानंतर १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये दक्षिणेला भिरा येथील. पूर्वेला भीमेकडे जाणारे पाणी पश्चिमेला पाताळगंगेत आणि उल्हासमध्ये वाहू लागले. भिऱ्याच्या वीजघराला पाणी देणाऱ्या धरणासाठी बुडणाऱ्या मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरणग्रस्तांचा जगातल्या पहिल्या संघटित लढ्यांपैकी तो एक, आणि तो हरला. वीज मनोऱ्यांवरून कर्जत-खालापूरच्या शेतांवरून मुंबईला गेली. त्या तारांखालच्या खेड्यांत दिवा लागायला स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे जावी लागली.

१९४२ मध्ये याच मनोऱ्यांना वेगळे महत्त्व आले. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून, आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. मुंबई प्रांतात धान्य महागले, साठेबाजी वाढली. भात पिकवणाऱ्या कर्जत-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या घरी पावसाळ्यात भात नसे, कारण ते आधीच सावकाराकडे गेलेले असे. त्याच वेळी मुंबईच्या गिरण्या सैन्यासाठी कापड विणीत होत्या आणि त्यांचे माग बोरघाटाखालच्या विजेवर चालत होते. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते तुरुंगात गेले आणि पुढे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे होते.

कर्जत भागात ते विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी ठरवले. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणत. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्यात राहून ते शिकले, वकील झाले आणि माथेरानला परतून नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग धान्यपेढीचा. गावकऱ्यांकडून भात गोळा करून ते अडल्या कुटुंबाला सावकारी दराशिवाय द्यायचे आणि हंगामात परत घ्यायचे, अशी ती योजना होती. तिच्या जोडीला आदिवासी आणि शेतकरी मुलांसाठी खेडोपाडी शाळा चालवल्या गेल्या. पुढच्या सशस्त्र पर्वाने हे काम झाकोळून टाकले, हे दुर्दैव आहे. गावोगावच्या ज्या घरांनी नंतर फरारी माणसांना भाकरी दिली, त्या घरांचा विश्वास धान्यपेढीने कमावलेला होता.

भूमिगत झालेल्या कोतवालांनी आझाद दस्ता उभा केला. मानिवलीचे गोमाजी पाटील, त्यांचा मुलगा हिराजी, नेरळचे हरिभाऊ भडसावळे, भगत मास्तर अशी माणसे त्यात होती. त्यांनी वीजवाहिनीचे मनोरे हेरले. रात्री जंगलातून उतरायचे, करवतीने लोखंडी पाय कापायचे आणि मनोरा आडवा करून पांगायचे, ही त्यांची रीत. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात असे अकरा मनोरे पडले. मुंबईचा वीजपुरवठा तुटून गिरण्यांच्या कामात खंड पडला. घाटाखालचा मुलूख ज्या तारेने मुंबईच्या आणि साम्राज्याच्या उपयोगी पडत होता, नेमकी तीच तार त्यांनी तोडली. इथल्या भूगोलाचे आणि अर्थव्यवहाराचे इतके अचूक आकलन त्या वेळच्या फार थोड्या क्रांतिकारी गटांत दिसते.

हा मार्ग योग्य होता का, यावर तेव्हाही मतभेद होते. गांधीजींना अहिंसेची अट सोडायची नव्हती. कम्युनिस्ट पक्षाने हिटलरने रशियावर आक्रमण केल्यानंतर महायुद्धाला लोकयुद्ध मानले होते, आणि युद्धकाळात उत्पादन थांबवणे त्याला मान्य नव्हते. फॅसिझमचा पराभव व्हावा असे वाटणाऱ्या अनेक प्रामाणिक देशभक्तांपुढे हा पेच खराच होता. परंतु या देशाला युद्धात ओढताना एका शब्दाने न विचारणाऱ्या सरकारकडून त्या पेचाचे उत्तर मागण्याचा हक्क कर्जतच्या शेतकऱ्याला होता. दस्त्याने लोखंडी मनोरे लक्ष्य केले, हेही विसरता येत नाही.

सरकारने इनामे लावली, गावांवर पोलीस बसवले. दस्ता सह्याद्रीत मागे सरकत मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात गेला. फितुरीने ठावठिकाणा कळला आणि २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने छावणीला वेढा घातला. भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील गोळीबारात मारले गेले. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते. खबर देणारा याच मुलखातला होता आणि बंदुका धरणाऱ्या पोलिसांत मराठी शिपाई होते. हुतात्म्यांच्या आठवणीत हा भाग सहसा गाळला जातो. तो गाळल्याने हुतात्मे मोठे होत नाहीत. एका घरातली माणसे इनामासाठी, पगारासाठी किंवा भीतीने दोन बाजूंना कशी वाटली गेली हे समजून घेतल्याशिवाय परकी सत्ता इतकी वर्षे टिकली कशी, याचे उत्तर मिळत नाही. सिद्धगडावर दर २ जानेवारीला लोक जमतात आणि पहाटे मशालींच्या उजेडात अभिवादन करतात.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने अनेक कुळांना जमिनीची मालकी मिळाली. कोतवालांनी ज्या सावकारीविरुद्ध काम केले तिचा कणा त्यामुळे बराच मोडला. कातकऱ्यांपर्यंत मात्र हा लाभ क्वचितच पोचला, कारण कूळ म्हणून त्यांची नोंदच नव्हती. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने बंद झाली. तरी दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाणारी कुटुंबे या तालुक्यांत पुढेही दिसत राहिली. अनेक कातकरीवाड्या ज्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, ती जागा सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाची असते. फार्महाऊससाठी जमिनीचे भाव चढू लागल्यावर तर या वाड्या उठवल्या जाण्याची भीती वाढली. २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे दळी जमिनींचे दावे पुन्हा उभे राहिले.

मधल्या काळात मुलखातून जाणाऱ्या वाटा वाढल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. खालापूर आता पुष्कळांना टोलनाक्यामुळेच माहीत आहे. खालापूर तालुक्यातलेच मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेने घेतले आणि त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. धरणात जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाच्या मागण्या पुढे वर्षानुवर्षे चालू राहिल्या. त्या धरणाच्या वरच्या अंगाला, इरशाळगडाच्या कुशीत, इरशाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. तिथे गाडीरस्ता नव्हता. पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून जावे लागे. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, दरड कोसळून वाडीतली बहुतेक घरे गाडली गेली. अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत, म्हणून ढिगारा माणसांनी हाताने आणि फावड्याने उपसला. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. वाचलेली कुटुंबे चौकजवळ आधी कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत आणि पुढे सिडकोने बांधलेल्या वसाहतीत राहायला गेली.